शाळा विट्यात की दुकानाच्या गावी?

मे महिन्यात विट्याच्या बाजारात तासभर उभे राहिले, की निम्मा हिंदुस्थान कानावर पडतो. त्रिशूर, कोइमतूर, हैदराबाद, कानपूर, कोलकाता अशा ठिकाणांहून गलाई व्यवसायातली कुटुंबे सुट्टीला, लग्नकार्याला घरी आलेली असतात. आई मराठीत हाक मारते, पोर मल्याळममध्ये उत्तर देते आणि आजी दोघांच्या तोंडाकडे बघत राहते. जूनच्या तोंडावर या घरांतून एकच खल चालतो. पोराला शाळेत घालायचे कुठे? दुकानाच्या गावी, की इथे आजी-आजोबांपाशी?

खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा सारा अवर्षणाचा पट्टा. दुष्काळाने इथली माणसे घराबाहेर काढली आणि जुने दागिने वितळवून सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कामाने त्यांना देशभर पोचवले. आता टेंभू योजनेचे पाणी आले आहे, विट्यात यंत्रमाग आहेत. पण गलाईवाल्याचे दुकान तिकडेच आहे. त्यामुळे इतर पालकांचा प्रश्न मराठी की इंग्रजी, फी किती, व्हॅन दारात येते का, एवढ्यावर भागतो. गलाईवाल्याला मात्र मूल कोणत्या राज्यात वाढवायचे, हेच आधी ठरवावे लागते.

यात कायद्यांचाही गुंता आहे. केरळने 2017 साली कायदा करून दहावीपर्यंत मल्याळम सक्तीचे केले. तामिळनाडूने 2006 च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने तमिळ आणले. महाराष्ट्राने 2020 साली सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. ज्याच्या त्याच्या जागी प्रत्येक राज्याचे बरोबर आहे. पण सहावीपर्यंत त्रिशूरला शिकलेले मूल सातवीत विट्यात आणले, तर एक भाषा अर्ध्यावर टाकायची आणि दुसरी मुळाक्षरांपासून गिरवायची, हे त्या मुलाच्याच वाट्याला येते.

मग आणतात कशाला? त्यालाही कारण आहे. मूल डॉक्टर व्हावे असे घराला वाटत असेल, तर वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते, अपवाद मोजके. ही गोष्ट बारावीच्या निकालानंतर कळून उपयोग नसतो. ती पहिलीच्या प्रवेशाआधीच माहीत हवी.

बँकेत कर्जाचा अर्ज पुढे आला, की आम्ही नुसता पहिला हप्ता बघत नसू, मुदत बघायचो. इतकी वर्षे हा माणूस हप्ता भरू शकेल का, हा खरा सवाल असे. शाळेच्या बाबतीत आपण उलटे करतो. पहिल्या वर्षाची फी कशीबशी उभी करतो आणि पुढच्या नऊ वर्षांचा विचार देवावर सोडतो. पाचवी-सहावीत फी झेपेनाशी झाली, की मुलाचे माध्यम बदलते. पैशाचे नुकसान भरून निघते, पण त्या वयात मुलाचा आत्मविश्वास गेला तर तो भरून काढायला फार दिवस लागतात.

माझ्या मते निवडीची खरी कसोटी शाळा सुटल्यावर लागते. संध्याकाळी मुलाची वही उघडून बघणारे घरात कोण आहे? मूल आजोबांपाशी ठेवायचे आणि घालायचे मात्र पूर्ण इंग्रजी शाळेत, म्हणजे आजोबांना त्या वहीपासून दूर ठेवणे आहे. चौथी शिकलेला म्हातारा पाढे म्हणून घेऊ शकतो, धडा वाचून घेऊ शकतो. त्याच्या हातातले तेवढे काम काढून घेतले, की उरते ती ट्यूशन आणि मोबाईल. मराठी शाळांतही 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पुढे सेमी इंग्रजीची वाट आहे. इंग्रजीसाठी आजोबांना बाजूला सारण्याची गरज नाही.

पूर्वी खानापूर तालुक्यातच असलेल्या आजच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. या गावाने 2022 साली ठरवले, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी त्या वेळात अभ्यासाला बसायचे. गावाने शाळा बदलली नाही, संध्याकाळ बदलली. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही हे ओळखले होते. 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि 1924 साली साताऱ्यात त्यांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. मूल राहणार कुठे, जेवणार काय, अभ्यासाला बसवणार कोण, हे आधी ठरले तरच त्याचे शिक्षण टिकते, हा त्यामागचा विचार होता.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. अनेक घरांत मुलासाठी ‘चांगली’ शाळा शोधतात आणि मुलीसाठी ‘जवळची’. मुलगा बापाबरोबर शहरात, मुलगी आजीच्या मदतीला गावात. दोघांना एकच माप लावून बघा, म्हणजे आपला निर्णय शाळेवरून झाला की सोयीवरून, हे लगेच कळेल.

तेव्हा शाळा बघायला गॅदरिंगच्या दिवशी जाऊ नका. साध्या मंगळवारी जा. इमारतीचा रंग बघण्याऐवजी दुसरीतल्या चार मुलांच्या वह्या बघा. बाईंनी चुका दुरुस्त केल्या आहेत, की नुसत्या बरोबरच्या खुणा मारल्या आहेत, ते तपासा. शाळेला मान्यता आहे ना, याची शिक्षण विभागाकडे खात्री करा. मूल तिकडेच ठेवायचे ठरले तर निर्धास्त ठेवा, तिथली भाषा त्याला मनापासून शिकू द्या. मात्र रोज अर्धा तास मराठी वाचन-लेखन घरी करून घ्या, म्हणजे परतीची वाट मोकळी राहील. आणि इकडे ठेवायचे असेल तर पहिलीपासून ठेवा, मधेच उपटून आणू नका.

सोने कितीदाही वितळवले तरी त्याचा कस कमी होत नाही, हे गलाईवाल्याला सांगायला नको. मुलाचे तसे नसते, एवढे त्याने ध्यानात ठेवले म्हणजे झाले.