गच्चीची किल्ली कुणाकडे आहे?

सध्या प्रत्येकाच्या फीडवर क्रोशे आहे. क्रोशेची बॅग, क्रोशेचं सूर्यफूल, मागे बाल्कनीत ओळीने मांडलेल्या पांढऱ्या कुंड्या. दिसतं छानच. पण हे रील बघणाऱ्या आपल्यातल्या कितीजणांकडे बाल्कनी आहे? पुण्या-मुंबईत कॉट बेसिसवर राहणाऱ्याच्या वाट्याला एक खाट, अर्धं कपाट आणि खिडकीचा कोपरा येतो. तोही रूममेटचे टॉवेल तिथे वाळत नसतील तर.

यावर बाजाराचं उत्तर तयार आहे, ते म्हणजे किट. मायक्रोग्रीन्सचं किट घ्या, लोकरीचं किट घ्या. अरे, मायक्रोग्रीन्स म्हणजे आठ-दहा दिवसांची कोवळी मेथी! किराणा दुकानातली मूठभर मेथी रात्रभर भिजवा, पार्सलच्या डब्याला खाली भोकं पाडा, दोन बोटं माती घाला आणि उजेडात ठेवा. मग कात्रीने कापून थेट मॅगीत. धने थोडे रगडून त्यांच्या दोन फाकी केल्या की तेही येतात. पुदिन्याच्या जुडीतली जाड काडी पाण्यात ठेवली की मुळं फुटतात. यात विकत घेण्यासारखं फार काही नाहीच.

हाताच्या कामाचंही तेच. जुन्या साड्यांचे थर लावून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी ‘अपसायकलिंग’ हा शब्द आपल्या कानावर येण्याच्या कितीतरी आधीची. क्रोशेला मांडीएवढी जागा पुरते. लोकलच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर टेकूनही बायका विणतात. गोधडी मात्र अंथरावी लागते, चौघींना चारही बाजूंनी बसता यावं लागतं. आणि रोपाला ऊन लागतं, पालेभाजीलासुद्धा दिवसाचे निदान तीन-चार तास. शहरात मोकळी जमीन आणि ऊन एकत्र मिळतं ते गच्चीवर. आणि गच्चीला कुलूप असतं.

कुलूप लावणाऱ्यांची कारणं अगदीच खोटी नाहीत. गच्ची गळते, ओली माती जड होते, ताटल्यांत पाणी साचून डास होतात. खिडकीच्या ग्रिलवरची कुंडी खाली पडली तर जीव जाऊ शकतो, त्यामुळे तिथे बंदी हवीच. पण बाकीच्यावर उपाय आहेत. ताटल्या दर आठवड्याला रिकाम्या केल्या की डास होत नाहीत. वजनाचं म्हणाल, तर पूर्वीच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवरची बाग बघा. तिथे केटरिंग विभागात काम करणाऱ्या प्रीती पाटील यांनी दोन दशकांपूर्वी सुमारे ३,००० चौरस फुटांत ती फुलवली, तीही किचनमधल्याच भाज्यांच्या साली-देठांवर. कुजलेला पाला-कचरा जास्त आणि माती कमी, असं केलं की भार बराच उतरतो. गच्ची आधी वॉटरप्रूफ करून घ्यायची, हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्या कॉलेजकडे बघा. कॅन्टीनचा ओला कचरा रोज निघतो. गच्ची रिकामी आहे. एनएसएसच्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम करायचंच असतं, त्यातले काही वर जाऊ शकतात. बॉटनीवाले सल्ला देतील (आणि आपल्यावर हसतीलही). खरी अडचण मे महिन्याची. सुट्टीत पाणी कोण घालणार? म्हणून फळझाडांच्या नादी लागू नका. मेथी, कोथिंबीर, पालक महिना-दीड महिन्यात हाताशी येतात, परीक्षेआधी काढून मोकळं होता येतं. टाकीच्या सावलीत सतरंजी टाकली तर गोधडीलाही जागा झाली.

सोसायटीशी भांडणं भाडेकरूला परवडत नाही. कॉलेजात मात्र आपण फी भरतो, तिथे मागता येतं. अर्ज प्राचार्यांच्या नावे करा. आठवड्यातून दोन दिवस, दोन तास गच्ची उघडी हवी. किल्लीची जबाबदारी एका शिक्षकावर असेल आणि पाणी घालणाऱ्यांची वारांनुसार नावं सोबत जोडा. पहिल्या फेरीला दहा क्रेट पुरे.