पहिली सुई कुणाची?

"सुई टोचू देऊ नका, गाठ भडकेल." मुलाला घेऊन गावाकडून परळच्या टाटा हॉस्पिटलकडे निघालेल्या बापाला असे सांगणारे चार जण तरी भेटतातच. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पथारी टाकेपर्यंत ती धास्ती त्याच्या मनात घट्ट बसलेली असते. तिला अडाणीपणा म्हणून झिडकारू नये. हाडाच्या गाठीबाबत त्या बोलण्यात अर्धे सत्य आहे, आणि उरलेले अर्धे कुणी सांगत नाही म्हणून पोरांचे पाय जातात.

सुईने गाठ भडकत नाही. पण सुई भलत्या वाटेने गेली तर घात होतो. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर बहुधा १० ते २० या वयात, गुडघ्याच्या आसपास होतो. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढताना, म्हणजे बायोप्सी करताना, सुईच्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडू शकतात. त्यामुळे मोठ्या ऑपरेशनच्या वेळी ती वाट, कातडीवरच्या छिद्रासकट, गाठीबरोबर काढता येईल अशीच आखलेली असावी लागते. सर्जन पुढे जिथे छेद घेणार, त्याच रेषेत सुई शिरली पाहिजे. ती दुसऱ्याच स्नायूतून गेली किंवा मुख्य रक्तवाहिनीला चाटून गेली, तर वाचू शकणारा पायही वाचवता येत नाही. अमेरिकेतील डॉ. हेन्री मॅन्किन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली गाठीची बायोप्सी झालेल्या ५९७ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १८ जणांचा हात किंवा पाय निव्वळ बायोप्सी बिघडल्यामुळे कापावा लागला होता. बायोप्सी जिथे पुढचे उपचार होणार तिथे न होता आधीच्या रुग्णालयात झाली, तेव्हा चुका आणि गुंतागुंत दुपटीपासून बारापटीपर्यंत वाढलेली दिसली.

याउलट नीट केलेली सुई-तपासणी किती साधी असते! आधी एमआरआय, कारण तुकडा काढल्यावर आत रक्त साकळले की चित्र गढूळ होते. मग सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून वाट ठरवतात. रुग्ण सीटी स्कॅनच्या टेबलावर असतो. सुई थोडी आत, पुन्हा चित्र, पुन्हा थोडी आत. मोठ्या माणसाला बहुतेक वेळा जागेवरची भूल पुरते. तीही हाडावरच्या आवरणापर्यंत द्यावी लागते, कारण खरी कळ तिथे उठते. टाके नाहीत, बहुतेक जण त्याच दिवशी घरी. ज्याचे घर दोनशे कोसांवर आहे आणि मुंबईतला मुक्काम फुटपाथवर, त्याच्यासाठी हे 'त्याच दिवशी' फार मोलाचे आहे.

काही गाठींवर तर हीच सुई औषध ठरते. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही कॅन्सर नसलेली गाठ असते. तिचे मूळ बहुधा दीड सेंटिमीटरहूनही लहान. पण पोराला रात्र रात्र झोपू देत नाही. दुखणे ॲस्पिरिनसारख्या गोळीने थांबते, म्हणून घरचे वाढीचे दुखणे समजून महिनोन्महिने गोळ्याच देत राहतात. पूर्वी एवढ्याशा मुळासाठी हाडाचा मोठा भाग कोरून काढत. १९९२ साली बोस्टनच्या डॉ. डॅनियल रोझेन्थाल यांनी सुईतून रेडिओलहरींची उष्णता देऊन ते जाळण्याची पद्धत मांडली. टोक सुमारे ९० अंशांपर्यंत तापवायचे, तेही काही मिनिटे. अनेक मुलांना त्यानंतर दोन-चार दिवसांतच शांत झोप लागते.

सीटी यंत्रे आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. यंत्र आहे म्हणून सुई लावावी, असे मात्र नाही. टाटाच्या पुढाकाराने २०१२ साली राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड, म्हणजे कॅन्सर रुग्णालयांचे जाळे, उभा राहिला. त्याच्या आधाराने निदान प्रत्येक महसुली विभागात हाडाच्या गाठी हाताळणारी एक जोडगोळी, सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट, तयार करणे हे राज्य सरकारचे काम आहे. ते होईपर्यंत जिल्ह्या-तालुक्याच्या डॉक्टरांना कळकळीची विनंती: एक्स-रेत गाठीचा संशय आला तर 'उघडून बघू' म्हणू नका. फोटो आणि चिठ्ठी देऊन पुढे पाठवा. आणि आईबापांनो, सूज उतरत नसेल, रात्री दुखत असेल, तर मालिश थांबवा. सुईला घाबरू नका, ती लावण्याआधी एवढेच विचारा, "पुढचे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी ही जागा ठरवली आहे का?"