आवाज कुणाचा ते नंतर, आवाज किती ते आधी

रस्त्यावरच्या आवाजाची तक्रार करायला कुणी उठलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, आवाज कुणाचा? मशिदीचा भोंगा, मंडळाचा डॉल्बी, लग्नाचा डीजे, सायलेन्सर काढलेली बुलेट की कोपऱ्यावरचं फॅब्रिकेशनचं दुकान? उत्तर मिळालं की लोक आपापली बाजू धरतात, दोन दिवस वाद होतो आणि आवाज जिथल्या तिथं राहतो. तो किती मोठा होता, किती वाजता होता, किती वेळ चालला, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हे प्रश्न आधी विचारायला हवेत. आणि ते विचारण्यात सर्वांत जास्त फायदा आपल्या वस्त्यांचा आहे.

कारण साधं आहे. आपल्यातले बरेच जण दाट वस्तीत राहतात. खाली दुकान, वर घर, समोर हातभर रस्ता. मी पुण्यात कोंढव्यात पहिल्या मजल्यावर राहतो. घरून काम असतं, रात्री उशिरापर्यंत परदेशातल्या टीमबरोबर कॉल चालतात. माझं काम निदान हेडफोन लावून निभावतं. दिवसभर घरात असणाऱ्या अम्मीचं, बाळाला झोपवणाऱ्या बाईचं, दहावीच्या मुलीचं काय? एका खोलीच्या घरात अभ्यासाची वेगळी जागा नसते. तिथं खिडकीबाहेरचा आवाज म्हणजे घरातलाच आवाज. शिक्षणात आपली मुलं मागे का पडतात यावर आपण परिषदा घेतो, पण परीक्षेच्या आदल्या रात्री गल्लीत बारा वाजेपर्यंत डीजे वाजतो तेव्हा कुणी उठून खाली जात नाही.

आता थोडं गणित. आवाज मोजण्याचं एकक डेसिबल. ते किलो-मीटरसारखं सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे ५५ वरून ७५ डेसिबल झाला तर ‘वीसच वाढले’ असं म्हणून चालत नाही. ऊर्जा शंभरपट झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार चांगल्या झोपेसाठी झोपण्याच्या खोलीत सरासरी ३० डेसिबलच्या वर आवाज जाऊ नये आणि अधूनमधून होणारा एखादा आवाजही ४५ च्या आत असावा. हॉर्नचा एक फटका हा आकडा सहज ओलांडतो. झोप पूर्ण मोडली नाही तरी शरीर दचकतं, नाडी वाढते. रोजच असं होत राहिलं तर रक्तदाब आणि हृदयाचा धोका वाढतो, हे आता वैद्यकशास्त्रात मान्य झालेलं आहे.

कायदाही आकड्यांतच बोलतो. ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. व्यापारी भागात ६५ आणि ५५. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरचा शांतता क्षेत्राचा पट्टा असू शकतो, तिथं ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं, त्यापुढे नाही. रात्री निवासी भागात हॉर्न वाजवायलाही मनाई आहे, फक्त तातडीचा प्रसंग सोडून. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-फ नुसार विनाकारण हॉर्न वाजवणं किंवा सायलेन्सरला बगल देऊन धूर सोडणं याला पहिल्यांदा १००० आणि पुन्हा केल्यास २००० रुपये दंड आहे.

या नियमांमागे न्यायालयांचे निकाल आहेत, आणि ते नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. २००० साली सर्वोच्च न्यायालयासमोर चेन्नईतल्या एका चर्चच्या ढोल-लाउडस्पीकरचं प्रकरण होतं. दुसऱ्यांची शांतता मोडून प्रार्थना करावी असं कुठलाच धर्म सांगत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. २००५ च्या मोठ्या निकालाची सुरुवात तर अंगावर काटा आणणारी आहे. शेजारी लाउडस्पीकर इतका जोरात चालू होता की बलात्कार होत असलेल्या तेरा वर्षांच्या मुलीच्या हाका कुणाला ऐकूच गेल्या नाहीत. ती मुलगी पुढे वाचली नाही. ती घटना वाचून अनिल मित्तल नावाच्या एका इंजिनिअरने याचिका केली. शांततेत जगणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्या निकालाने ठामपणे सांगितलं. २०१६ मध्ये ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातल्या रहिवासी संघटनांच्या याचिकेवर तेच पुन्हा सांगितलं. त्या वेळी तक्रार मशिदी-मदरशांच्या भोंग्यांबद्दल होती. चर्च, मांडव, मशीद, प्रत्येक वेळी समोरचा पक्ष बदलला. नियम तोच राहिला.

मग आपण तक्रार का करत नाही? मला तीन कारणं दिसतात. पहिलं, ‘एवढं काय त्यात, चालायचंच.’ दुसरं, शेजारसंबंध. खालच्या दुकानाचा मालक आपला नातलग असतो, नाहीतर घरमालकाचा मित्र. तिसरं कारण खास आपलं आहे. मुस्लिम मुलाने मंडळाच्या डॉल्बीची तक्रार केली तर ती धर्माविरुद्धची तक्रार ठरेल, या भीतीने तो फोन खाली ठेवतो. आणि मशिदीच्या भोंग्याबद्दल बोलला तर मोहल्ल्यात ‘त्यांच्या बाजूचा’ ठरतो. दोन्हीकडून तोंड बंद.

ही भीती खोटी नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्रात भोंग्यांचं राजकारण कसं तापवलं गेलं ते आपण पाहिलं आहे. कारवाई निवडून केली जाते, ही तक्रारही अनेक ठिकाणी रास्त आहे. पण त्यावर ‘आमचाही आवाज राहू द्या’ हे उत्तर नव्हे. त्याने आपल्याच पोरांची झोप जाते. नियम सगळ्यांना सारखा लावा, हे मागणं जास्त भक्कम आहे, आणि ते मागायचं तर आपल्या हातात नोंदी हव्यात. २०२५ च्या त्या निकालात तक्रारदाराची ओळख उघड करू नये असंही पोलिसांना सांगितलं आहे. भीती असलेल्या माणसासाठी ही मोठी सोय आहे आणि आपल्या तरुणांना ती ठाऊक असायला हवी.

पण हे मागणं घेऊन बाहेर जायचं तर आधी आपल्या गल्लीत काय चाललंय ते बघावं लागेल. निकाह सुन्नतप्रमाणे साधेपणाने करायचा म्हणतो आणि वरातीला चार टॉप चार बेसचा सेटअप बोलावतो. मिलादच्या जुलूसात डीजे आणि लेझर आले ते कुणी बाहेरून आणले नाहीत. पुण्याच्या काही रहिवाशांनी याविरुद्ध जनहित याचिका केली होती. कुरआन किंवा हदीसमध्ये याला आधार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर सांगितलं की गणेशोत्सवात जे अपायकारक तेच ईदलाही अपायकारक. यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला जी शिकवण देतो, तिच्यात आवाज खाली ठेवण्याची शिकवण आहे. शेजाऱ्याला त्रास होऊ न देणं हा तर आपण लहानपणापासून ऐकत आलेला धडा. ज्या नबींच्या आठवणीत जुलूस काढायचा, त्यांच्या नावाने आजारी माणसाची खिडकी हादरवायची, हे कसं जमतं?

याच लोकांनी समजूतही दाखवली आहे. २०२३ मध्ये मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली तेव्हा मुंबईतला जुलूस दुसऱ्या दिवशी काढला गेला. माहीमच्या मशिदीने २०२५ मध्ये अजान मोबाईल अ‍ॅपवरून घरोघरी ऐकवायला सुरुवात केली. तारीख हलू शकते, भोंग्याची जागा फोन घेऊ शकतो, तर बेस कमी का होऊ शकत नाही?

आता करायचं काय, ते सांगतो. कोडमध्ये बग सापडला की आपण आधी लॉग काढतो. इथंही तेच. पंधरा दिवस वहीत लिहा: तारीख, वेळ, कसला आवाज, किती मिनिटं, मोबाईलच्या अ‍ॅपवर साधारण किती डेसिबल. मोबाईलचं माप न्यायालयात पक्कं धरलं जात नाही, त्यासाठी प्रमाणित यंत्र लागतं आणि ते वापरणं पोलिसांचं काम. पण ‘रोज खूप त्रास होतो’ यापेक्षा ‘पंधरापैकी अकरा रात्री दहानंतर’ हे वाक्य ठाण्यात वजनदार ठरतं. यादीत सगळे आवाज घ्या, आपलेही आणि दुसऱ्यांचेही.

मग बोला. आवाज चालू असताना भांडायला जाऊ नका, दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी जा. दुकानदाराला ग्राइंडर रात्री आठनंतर बंद ठेवता येईल का विचारा. बुलेटवाल्या पोराशी त्याच्या मोठ्या भावाने बोललेलं जास्त चालतं. मशिदीच्या बाबतीत ट्रस्टींना भेटा, भोंग्याचं तोंड आणि आवाजाची पातळी यावर बोला. निम्मी प्रकरणं इथंच मिटावीत. नाही मिटली तर एकट्याच्या नावाने जाऊ नका. इमारतीतल्या दहा घरांच्या सह्या घ्या, त्यात सगळ्या धर्मांची नावं असू द्या. चालू आवाजासाठी ११२ ला फोन, रोजच्या त्रासासाठी पोलिस ठाण्यात लेखी अर्ज आणि त्याची पोच. काहीच झालं नाही तर माहिती अधिकारात विचारा: वर्षभरात आवाजाच्या किती तक्रारी आल्या, कुणावर काय कारवाई झाली? कारवाई निवडून होते का, याचं उत्तर त्या कागदात सापडेल.

हे होईपर्यंत घरात थोडं करता येतं. आवाज हवेबरोबर फटीतून येतो. भिंत-खिडकीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का फट राहिली तरी बाकी भिंत कितीही जाड असो, साधारण २० डेसिबलपेक्षा जास्त घट मिळत नाही. म्हणून महागड्या काचेआधी सरकत्या खिडकीच्या फटींना रबरी पट्टी लावा, दाराखालची फट बंद करा. भिंतीला फोम चिकटवून बाहेरचा आवाज थांबत नाही, खोलीतला घुमारा तेवढा कमी होतो. आणि डॉल्बीचा बेस मात्र भिंतीतूनही येतो. त्यावर घरात बसून इलाज नाही, तो रस्त्यावरच कमी व्हावा लागतो.

म्हणून तरुण मित्रांनो, पुढच्या लग्नसराईत आपल्या घरचं किंवा दोस्ताचं लग्न असेल तर डीजेचा बयाणा देण्याआधी एक फेरी गल्लीतून मारा. कुणाकडे तान्हं मूल आहे, कुणाची परीक्षा आहे, कुण्या घरात माणूस अंथरुणाला खिळलेला आहे, ते बघा. मग ठरवा. ती यादी ज्याच्या हातात असेल त्याला दुसऱ्याच्या मांडवासमोर उभं राहून आवाज कमी करा म्हणताना मान खाली घालावी लागणार नाही.