अडकलेली झडप

एका वाचक गृहस्थांनीं पत्र पाठवून विचारलें आहे कीं, घरची डिझेलची मोटार बारा वर्षांची झाली. अलीकडे ती जागीं उभी असतां थरथरते, चढावर दम टाकते, मागून काळा धूर सोडते, आणि चालकासमोरचा इंजिनाचा पिवळा दिवा विझतां विझत नाहीं. गॅरेजमधील मिस्त्रीनें ‘ईजीआर व्हॉल्व्ह जाम झाला आहे’ असें निदान करून दोन मार्ग सांगितले. नवा व्हॉल्व्ह बसविल्यास खर्च कांहीं हजारांचा. उलट, त्याच्या वाटेंत पत्र्याची एक चकती घालून ती वाट कायमची बुजविल्यास काम थोडक्या वेळाचें आणि खर्च अगदींच किरकोळ. घरांतील तरुण मंडळी चकतीच्या बाजूची आहे. वडिलांचें मन घेत नाहीं. तेव्हां आम्हीं कौल द्यावा, अशी त्यांची इच्छा आहे.

कौल देणाऱ्यानें आधीं दोन्ही पक्ष ऐकावे. म्हणून प्रथम ही झडप करते काय, तें पाहूं.

‘एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन’ या लांबलचक नांवाचीं हीं तीन आद्याक्षरें. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूचा कांहीं अंश पुनः इंजिनांत घेणें, एवढाच त्याचा अर्थ. उष्टें अन्न पुनः पानांत वाढण्यासारखा हा प्रकार प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. पण त्याला कारण आहे. हवेंत शेंकडा ७८ भाग नायट्रोजन व २१ भाग ऑक्सिजन असतो. एरवीं हे दोघे एका घरांत राहूनहि एकमेकांच्या वाटेला जात नाहींत. परंतु सिलिंडरांतील ज्वलनाचें तापमान फार चढलें कीं त्यांचा संयोग होतो आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें तयार होतात. जळका वायु पुनः जळत नाहीं. तो आंत आला म्हणजे ऑक्सिजनचें प्रमाण घटतें, आणि त्यांतील कार्बन डायॉक्साइड व पाण्याची वाफ हीं बरीच उष्णता शोषून घेतात. उतूं जाणाऱ्या दुधावर पाण्याचा हबका मारावा, तसा ज्वाळेचा ताप त्यानें उतरतो व हीं ऑक्साइडें कमी होतात. हा वायु किती सोडावयाचा आणि केव्हां, हें ठरविणारी द्वारपालिका म्हणजे ही झडप. गाडी मंद किंवा मध्यम चालीनें जात असतां ती उघडते. मोठा चढ चढतांना इंजिनास सगळी ताजी हवा लागते, तेव्हां ती मिटते.

आतां ती अडकते कां? डिझेलच्या धुरांत काजळी असते, आणि इंजिनाच्या पोटांतून हवेच्या नळींत तेलाची वाफ येत असते. दोहोंच्या मिश्रणाचें चिकट कीट झडपेच्या दांडीवर व बैठकीवर बसतें. घरापासून मंडईपर्यंत आणि शाळेपासून घरापर्यंत अशा दोन-चार किलोमीटरांच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीचें इंजिन पुरतें तापतच नाहीं. तिच्यांत हें कीट लवकर सांचतें. झडप उघडी राहून अडकली, तर इंजिनास हवा अपुरी पडून थरथर, काळा धूर व अशक्तपणा हीं लक्षणें दिसतात. पत्रलेखकांच्या गाडीचें दुखणें बहुधा याच जातीचें असावें. मिटलेली अडकली, तर चालकाला पिवळ्या दिव्यावांचून कांहींच जाणवत नाहीं. जाणवतें तें बाहेरच्यांना.

परंतु खर्च करण्यापूर्वीं निदानाची खात्री करून घ्यावी. धूर आहे म्हणून अग्नि आहे, हें अनुमान तर्कशास्त्रांत निर्दोष ठरतें. काळा धूर आहे म्हणून ईजीआरच बिघडला, हें मात्र ठरत नाहीं. चोंदलेला एअर फिल्टर, बिघडलेला इंजेक्टर, टर्बोची फाटलेली नळी यांनींहि तसाच धूर येतो. मिस्त्रीस स्कॅनर लावून संकेतांक वाचावयास सांगावा. पी ०४०१ म्हणजे वायूचा प्रवाह कमी, पी ०४०२ म्हणजे जास्त, पी ०४०३ म्हणजे विजेच्या जोडणींत दोष. तारेंत दोष असतां झडप बदलणें म्हणजे पोटदुखीला डोळ्यांत काजळ घालणें होय. शिवाय, झडप नुसती कीट बसून अडकली असेल, तर साफ करून ती पुनः चालण्याचा संभव आहे. तिची मोटर किंवा स्थितिदर्शक सेन्सर निकामी झाला असेल, अथवा दांडी झिजली असेल, तरच ती बदलावी.

काम करवून घेतांना घरच्या जाणत्या माणसानें समोर उभें राहावें व पुढील गोष्टींवर लक्ष ठेवावें. इंजिन पूर्ण थंड असावें आणि बॅटरीची ऋण बाजूची तार सोडविलेली असावी. नवा भाग जुन्याच्या क्रमांकाशीं अक्षरशः पडताळून पाहावा. कांहीं गाड्यांत झडपेला किंवा तिच्या शेजारच्या कूलरला पाण्याच्या नळ्या असतात; तेथें आधीं कूलंट काढावा लागतो. बोल्ट वर्षानुवर्षें ताप सोसून गंजलेले असतात. त्यांवर गंज सोडविणारें तेल मारून धीर धरावा, कारण तुटलेला बोल्ट काढणें हें झडपेहून महाग पडतें. झडप निघाल्यावर वाटेंतलें कीट खरवडतांना तें इंजिनांत पडूं नये म्हणून तोंडाशीं फडकें कोंबतात. तें फडकें नंतर काढल्याची खात्री आपण स्वतः करावी. साफ करण्याचें द्रावण झडपेच्या विजेच्या भागावर उडूं देऊं नये. गॅसकेट नवेंच घालावें; जुनें पुनः वापरल्यास वायु गळतो. बोल्ट आळीपाळीनें व निर्मात्यानें सांगितलेल्या जोरानेंच आवळावे. शेवटीं स्कॅनरनें जुने संकेतांक पुसावे, आणि ज्या गाडींत जरूर असेल तेथें नव्या झडपेची ओळख संगणकास करून द्यावी. ही शेवटची पायरी गाळली, तर नवी झडपहि जुन्यासारखीच वागूं लागते.

आतां दुसरा पक्ष, म्हणजे चकती. तिच्यावर खोटा आरोप करण्याचें कारण नाहीं. चकती बसविल्यानें धूर पुष्कळदां कमी होतो, थरथर थांबते, आणि कीटहि सांचत नाहीं. पीयूसीची तपासणीहि तिला पकडीत नाहीं. कारण डिझेल गाडीच्या त्या तपासणींत धुराची गडदता मोजतात, नायट्रोजनचीं ऑक्साइडें मोजीत नाहींत. गाडी उत्तीर्ण होते, आणि तिच्या पोटांतून पूर्वींपेक्षां अधिक ऑक्साइडें बाहेर पडत राहतात. परीक्षेंत न विचारलेला धडा वाचूं नये, असें आम्हीं वर्गांत कधीं शिकविलें नाहीं.

या न दिसणाऱ्या वायूचें महत्त्व थोडें नाहीं. लॉस एंजेलिसच्या आकाशांतील डोळे चुरचुरविणारें धुकें हें हायड्रोकार्बनें व नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांवर सूर्यप्रकाश पडून बनतें, हें आरी हागेन-स्मिट या रसायनज्ञानें १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखविलें. नायट्रोजन डायॉक्साइड श्वासनलिका चुरचुरवितो; दमेकऱ्यांना व लहान मुलांना तो विशेष बाधतो. म्हणूनच भारत स्टेज ४ च्या डिझेल मोटारीस किलोमीटरामागें २५० मिलिग्रॅम ऑक्साइडांची मुभा होती, ती १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या स्टेज ६ मध्यें ८० वर आणली गेली. २०१५ सालीं फोक्सवागेन कंपनीचें जें प्रकरण जगभर गाजलें, तें याच वायूचें. परीक्षेपुरतें शहाणपण दाखवून रस्त्यावर नियंत्रण सैल सोडणारा प्रोग्रॅम तिच्या डिझेल गाड्यांत आढळला, आणि कांहीं गाड्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत ऑक्साइडें सोडीत असल्याचें अमेरिकन सरकारच्या संस्थेनें जाहीर केलें. तेव्हां आपण त्या कंपनीस नांवें ठेविलीं. आपल्या दारची चकती ही त्याच कृत्याची धाकटी बहीण आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचें ५२ वें कलमहि निर्मात्याच्या मूळ रचनेंत असे फेरफार करूं देत नाहीं.

गाडींतील बहुतेक भाग गाडींत बसणाऱ्यासाठीं असतात. ब्रेक आपला जीव वाचवितो, दिवे आपली वाट दाखवितात. ही झडप मात्र बाहेरच्यासाठीं आहे. सिग्नलपाशीं पदपथावर उभी असलेली शाळेची मुलें, हातगाडीवाला, चौकांतला पोलीस यांच्यासाठीं आपण केलेला तो लहानसा खर्च आहे. त्यांनीं पावती मागितलेली नाहीं, म्हणून तो चुकवावयाचा कीं काय, एवढाच प्रश्न.

आमचा कौल स्पष्ट आहे: आधीं साफसफाई करून पाहावी, तेवढ्यानें न भागल्यास नवी झडप घालावी, चकती घालूं नये. यापुढें तेल व एअर फिल्टर वेळेवर बदलावे, आणि आठवड्यांतून एकदां तरी गाडी पुरती तापेल अशी लांबची फेरी करावी, म्हणजे नवी झडप बराच काळ टिकेल. जुनी झडप मात्र मिस्त्रीकडे टाकून येऊं नये. वर्तमानपत्रांत गुंडाळून ती घरीं आणावी आणि मुलांना हातांत घेऊन पाहूं द्यावी. तिच्यावरील बोटभर काजळी पुस्तकांतील पानभर मजकुरापेक्षां त्यांना अधिक शिकवील. हात मात्र नंतर साबणानें धुववावे.