बोट घेणं सोपं, वर्षभर पोसायची कुणी? पॉवरबोट शर्यतीचा नवा गट आणि खर्चाचा रोखठोक हिशेब

विशेष विश्लेषण | सांगली

पाण्याला जेमतेम टेकत सुसाट पळणारी बोट आणि खाली विराट कोहलीचं नाव. असा व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर कधी ना कधी आला असेल. कृष्णाकाठच्या पोरांनी तो बघितला की कट्ट्यावर एक प्रश्न हमखास निघतो, "हे आपल्या नदीत का नाही?"

प्रश्न चुकीचा नाही. होड्यांच्या शर्यती आपल्याला नव्या नाहीत. पावसाळ्यात नदी भरली की सांगलीत काठावर गर्दी उसळते, वल्ही मारणाऱ्या पोरांच्या नावानं आरोळ्या उठतात. मग वल्ह्याच्या जागी इंजिन लावलं तर बिघडलं कुठं? बिघडत काहीच नाही. फक्त खर्चाचं गणित पार बदलतं. हे गणित जिथं जिथं चुकलं, तिथं शर्यत एकदाच झाली आणि बंद पडली. आपल्या देशातच याची दोन उदाहरणं आहेत, आणि त्यातलं एक तर आपल्याच कृष्णेवरचं आहे.

आधी 'गट' म्हणजे काय ते बघू

बैलगाडा शर्यतीत आदत वेगळा, दुसा वेगळा, ओपन वेगळा. आदत खोंडाला ओपनच्या बैलासमोर कुणी जुंपत नाही. पॉवरबोटींचंही तसंच आहे. इंजिन किती ताकदीचं, बोटीची बांधणी कशी, वजन किती आणि चालवणाऱ्याचं वय काय, यावरून गट पडतात. या खेळाची जागतिक संघटना यूआयएम, मुख्यालय मोनॅकोत. अमेरिकेत तर 1903 पासून पॉवरबोट शर्यतींची संघटना आहे. लहान मुलांसाठी 15 हॉर्सपॉवरच्या इंजिनाचा 'जीटी-15' हा गट आहे. सगळ्यात वर फॉर्म्युला वन पॉवरबोट. तिथं अडीच लिटरचं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद सुमारे 400 हॉर्सपॉवर आणि वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर.

म्हणजे नवा गट सुरू करायचा तर आधी बोट विकत घ्यायची नसते. आधी नियमांचा कागद लिहायचा असतो. खर्च किती वाढणार आणि किती आवरणार, हे त्या कागदावरच ठरतं.

कोहलीच्या संघाला परवडतं, कारण...

कोहली ज्या 'ब्लू रायझिंग' संघाचा सहमालक आहे, तो संघ 'ई-वन' या विजेवर चालणाऱ्या बोटींच्या मालिकेत उतरतो. या गटाची पहिली शर्यत फेब्रुवारी 2024 मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाह शहरात झाली. टेनिसपटू राफेल नदाल आणि अमेरिकन फुटबॉलचा टॉम ब्रॅडी यांचेही संघ त्यात आहेत. पहिल्या वर्षीचं विजेतेपद ब्रॅडीच्या संघानं नेलं.

या गटाची रचना नीट बघितली तर दोन गोष्टी दिसतात. एक, सगळ्या संघांना बोट सारखीच. तिला 'रेसबर्ड' म्हणतात. पाण्याखाली पंखासारखे भाग असतात, वेग घेतला की त्यांच्यावर बोट उचलली जाते आणि ताशी 90 किलोमीटरच्या पुढं जाते. बोट सारखीच असल्यामुळं जास्त पैसेवाला जास्त वेगाची बोट आणू शकत नाही. दोन, मालक नामवंत असल्यामुळं जाहिरातदार येतात आणि सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीचा हातही पाठीशी आहे. थोडक्यात, तिथं तिकिटावर किंवा प्रवेश फीवर काही चालत नाही. मोठ्या खिशाच्या माणसांनी आधी पैसा ओतला, मग शर्यत उभी राहिली.

आपल्याकडं हा मार्ग चालेल का? दोनदा करून बघितलाय.

मुंबई 2017, अमरावती 2018

मार्च 2017. मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर समुद्रात 'पी-वन' गटाची पॉवरबोट शर्यत झाली. 250 हॉर्सपॉवरच्या एकसारख्या बोटी, प्रत्येक बोटीत दोघंजण. संघांना कंपन्यांची नावं, मुख्य प्रायोजक एक मोटार कंपनी. क्वीन्स नेकलेसच्या कठड्यावर बसून लोकांनी फुकटात शर्यत बघितली. कार्यक्रम देखणा झाला. पण दरवर्षीची शर्यत म्हणून तो रुजला नाही.

नोव्हेंबर 2018. आता ठिकाण अमरावती. आपल्या विदर्भातली नव्हे, तर आंध्र प्रदेशची नवी राजधानी व्हायला निघालेली. विजयवाड्याजवळ प्रकाशम बॅरेजमुळं कृष्णेचं पाणी तुंबून मोठं पात्र तयार झालंय. तिथं फॉर्म्युला वन पॉवरबोटीची शर्यत भरली. महाबळेश्वरात उगम पावून आपल्या घाटांवरून जाणारी तीच कृष्णा. राज्य सरकारनं पुढाकार घेतला, कारण नव्या राजधानीचं नाव जगात न्यायचं होतं. 'अमरावती' नावाचा संघही पाण्यात उतरला, पण बोटी चालवणारे परदेशी होते. पुढच्या वर्षी राज्यात सरकार बदललं. 2019 च्या वेळापत्रकात भारताचं नाव नव्हतं.

दोन्ही ठिकाणी बोटी आल्या, पळाल्या, कंटेनरमध्ये बसून परत गेल्या. मागं काय राहिलं? त्यातून इथं चालक, मेकॅनिक किंवा क्लब तयार झाल्याचं फारसं दिसलं नाही. गावच्या जत्रेत नामांकित तमाशा आणला म्हणून गावात कलावंत तयार होत नाहीत, तसंच हे.

खर्च नेमका जातो कुठं?

बैल पाळणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. बैल घेताना लाखाचा आकडा डोळ्यांत भरतो, पण खरा खर्च पुढं वर्षभराचा खुराक, औषधपाणी आणि राखण करणाऱ्या माणसाचा. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतीचा कायदा वैध ठरवला, त्या आधी बंदीच्या काळात अनेकांनी शर्यत नसतानाही बैल सांभाळले. ती हौस आणि ती चिवटपणाची तयारी होती म्हणून खेळ टिकला.

बोटीचा खुराक म्हणजे पेट्रोल. ढोबळ नियम असा की पूर्ण वेगात असताना पेट्रोल इंजिन दर अडीच हॉर्सपॉवरला तासाला साधारण एक लिटर पितं. म्हणजे 25 हॉर्सपॉवरच्या बोटीला तासाला 10 लिटर आणि मुंबईत आलेल्या 250 हॉर्सपॉवरच्या बोटीला 100 लिटरच्या आसपास. पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरलं तरी पहिल्या बोटीचा तासाचा सराव हजार रुपयांचा, दुसरीचा दहा हजारांचा. आठवड्यातून एक तास सराव केला तर वर्षाला पहिल्या बोटीला 50 हजार, दुसरीला 5 लाख. यात टू-स्ट्रोकचं ऑइल धरलेलं नाही.

त्याच्यापुढं ही यादी बघा :

- इंजिन आणि सुटे भाग : यामाहा, सुझुकी, तोहात्सु, मर्क्युरी ही चांगली आउटबोर्ड इंजिनं बाहेरच्या कंपन्यांची. तालुक्याच्या गॅरेजमध्ये त्यांचा भाग मिळत नाही. एखाद्या लाकडाला किंवा दगडाला पंखा आपटला की नवा पंखा.
- माणसांची सुरक्षा : लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि चालकाच्या अंगाला बांधलेली दोरी. चालक बाहेर फेकला गेला की ही दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. यात काटकसर चालत नाही.
- शर्यतीच्या दिवसाचा खर्च : बचाव बोटी, पट्टीचे पोहणारे, डॉक्टर, रुग्णवाहिका, काठावरचा बंदोबस्त. पाच बोटी पळाल्या काय आणि पंधरा पळाल्या काय, हा खर्च जवळपास तेवढाच. म्हणून बोटी कमी असल्या की प्रत्येकाच्या डोक्यावरचा भार वाढतो.
- कागदपत्रं : अंतर्देशीय जलयान कायदा 2021 नुसार इंजिनाच्या बोटीची नोंदणी, तपासणी आणि विमा हे विषय येतातच. शिवाय जिल्हा प्रशासन, पोलीस, जलसंपदा विभाग.

नवा गट बहुतेक वेळा पहिल्या वर्षी मरत नाही. पहिल्या वर्षी उत्साह असतो, उद्घाटनाला पुढारी असतात, फ्लेक्स लागतात. गट मरतो तिसऱ्या वर्षी, जेव्हा इंजिनाचं काम निघतं आणि प्रायोजकाचा फोन लागत नाही.

खर्चाला वेसण घालता येते

जगात जे स्वस्त गट टिकून आहेत, त्यांचे नियम साधे आहेत. सगळ्यांना एकाच बनावटीची बोट आणि एकच इंजिन. इंजिनाला सील, म्हणजे आत कुणी हात घालायचा नाही. पंखा ठरलेलाच. बोट आणि माणसं मिळून किमान वजन ठरलेलं, म्हणजे महागडी हलकी बोट बांधून फायदा नाही. अमेरिकेत काही मोटार शर्यतींत आणखी एक गमतीशीर नियम असतो. जिंकलेल्या गाडीचं इंजिन ठरलेल्या किमतीला दुसरा स्पर्धक मागू शकतो आणि ते द्यावंच लागतं. मग कोण कशाला इंजिनावर वारेमाप पैसा घालेल?

नियमांशिवाय बैलगाड्यात काय होतं ते आपण बघतोच. ज्याच्या खिशात जोर, त्याच्याकडं नावाजलेले बैल. गरीब शेतकऱ्याचा बैल फळीत येईपर्यंत दमछाक. बोटीत तर हे दहापट वेगानं होईल.

ऑस्ट्रेलियानं बोटी विकत घेतल्याच नाहीत

आता यातलं सगळ्यात कामाचं उदाहरण. ऑस्ट्रेलियात समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षकांचे क्लब आहेत. बुडणाऱ्याला वाचवायला त्यांच्याकडं हवेनं फुगवलेल्या रबरी बोटी असतात, त्यांना 25-30 हॉर्सपॉवरचं इंजिन. याच बोटींची त्यांनी शर्यत सुरू केली. दोघं पळत जाऊन बोटीत बसायचं, इंजिन सुरू करायचं, पाण्यात थांबलेल्या माणसाला बोटीत ओढून घ्यायचं आणि काठावर परत यायचं. सगळ्यात आधी जो माणूस सुखरूप आणेल, तो जिंकला.

बोट क्लबची आहेच, इंजिन आहेच. नवा खर्च पेट्रोलचा आणि झीज-तुटीचा. त्या बदल्यात पोरं वर्षभर तयार राहतात आणि इंजिन वर्षभर चालतं राहतं.

हे वाचून आपल्या भागातल्या माणसाला 2019 चा महापूर आठवल्याशिवाय राहणार नाही. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत माणसं क्षमतेपेक्षा जास्त होती. तो दिवस इथं कुणी विसरलेलं नाही. महापुरानंतर नदीकाठच्या गावांत बोटी आल्या, जॅकेटं आली. पण इंजिनाचा स्वभाव शेतकऱ्याला माहीत आहे. सहा महिने बंद राहिलेला पंप ऐन पाळीला सुरू होत नाही. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साचून चिकट होतं, रबरी पाइप कडक होतात. बोटीचं इंजिनही त्याला अपवाद नाही. आयर्विन पुलाखाली पाणी 40 फुटांवर गेलं की मग दोरी ओढत बसायचं का?

म्हणून आमचं म्हणणं

कृष्णाकाठी इंजिनाच्या बोटींचा गट सुरू करायचाच असेल, तर तो बचाव बोटींचा असावा. गावोगावी ज्या बोटी आहेत त्याच, इंजिन 25-30 हॉर्सपॉवरच्या पुढं नको. प्रत्येक गावाची दोन-तीन माणसांची टोळी, त्यात एखादी मुलगीही. ई-वनमध्ये प्रत्येक संघात एक पुरुष आणि एक महिला चालक असावाच लागतो, मग आपल्याला काय अडचण? बक्षीस सगळ्यात वेगवान बोटीला नको. माणूस नीट बोटीत घेऊन परत येणाऱ्या टोळीला हवं. क्षमतेपेक्षा एक माणूस जास्त घेतला की टोळी बाद. हा एक नियम जरी पोरांच्या अंगात मुरला, तरी शर्यतीचा सगळा खर्च वसूल.

अडचणीही आहेत, त्या लपवायच्या नाहीत. आपल्या नदीत मगरी आहेत. भिलवडी, औदुंबर, अंकलखोपच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. मगरीला वन्यजीव कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे, त्यामुळं जागा आणि महिना वन विभागाला विचारूनच ठरवावा लागेल. उन्हाळा हा त्यांच्या अंडी-पिल्लांचा काळ, तो टाळलेला बरा. दुसरं, याच नदीचं पाणी लाखो लोक पितात. टू-स्ट्रोक इंजिन तेलाचा तवंग सोडतं. म्हणून पाणी उचलण्याच्या जागांपासून लांब आणि शक्यतो फोर-स्ट्रोक इंजिनावरच सराव हवा. आणि बचाव बोट शर्यतीत मोडली तर दुरुस्ती होईपर्यंत गावाला दुसरी कोण देणार, हे आधी लिहून ठेवायला हवं. पूर शर्यतीची तारीख बघून येत नाही.

जागतिक दर्जाची बोट आणायला कुणीतरी पैसेवाला कधीतरी तयार होईलही. तो आला तर त्याला पहिल्या वर्षाचं विचारू नका. तिसऱ्या वर्षी पेट्रोल कोण घालणार, एवढंच विचारा. उत्तर आलं नाही, तर ती बोट म्हणजे दारात झुलवायला आणलेला हत्ती समजा.

आणि तोपर्यंत एक काम बिनखर्चाचं आहे. आज संध्याकाळी ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या गावच्या बोटीचं इंजिन शेवटचं कधी सुरू केलं होतं, ते विचारून या.