ट्रंपेटवाल्याचे नाव

गेल्या वर्षी बदलापूरच्या आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरांनी 'शोला जो भडके'वर नाच केला. "भगवानदादा पुन्हा अवतरले!" असे निवेदक महाशय गरजले. मी शेजारच्या पाहुण्यांना सहज विचारले, "'अलबेला'त पडद्यावर ट्रंपेट फुंकणारा तो कोण हो?" "असेल कोणी तरी गोवेकर," म्हणत त्यांनी चहाचा कप उचलला.

माझे भांडण आहे ते या 'कोणी तरी'शी!

त्याचे नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गाव गोव्यातले हळदोणे. मुंबईत तो 'चिक चॉकलेट' झाला. ताजमहाल हॉटेलात त्याचा जॅझ बँड वाजे आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांनी, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांनी, त्याला मदतनीस म्हणून हाताशी घेतले. १९५१ साली 'अलबेला'त तर झालरीच्या बाह्यांचा सदरा घालून तो बँडसकट पडद्यावर आला. नट झाला म्हणून निदान तोंड तरी दिसले! रेकॉर्डिंगच्या खोलीत बसणाऱ्या बाकीच्यांचे तेवढेही दिसले नाही.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या. त्यांचे नाव घरोघर गेले ते १९७७ साली, 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यातून. तेही शिष्य प्यारेलाल यांना गुरूची आठवण होती म्हणून. त्या गाण्यावर नाचलेल्या कितीजणांना ठाऊक आहे, की या नावाचा खरा माणूस होता?

"वाद्यच विलायती, मास्तर," असे मला ऐकवतात. मग भजनातली पेटी काय पंढरपुरात उगवली? उल्हासनगरात वरात निघते तेव्हा ट्रंपेटवाला पुढे असल्याशिवाय नवरदेवाचा घोडा हलत नाही, तेव्हा कुठे जातो तुमचा स्वदेशी बाणा?

"पैसे मिळाले ना त्यांना?" हा दुसरा सवाल. मिळाले असतील. मी मॅट्रिक झालेला मास्तर, चार कादंबऱ्या लिहिल्या. प्रकाशकाने पैसे चुकते केले आणि मुखपृष्ठावरून माझे नाव गाळले, तर मी गप्प बसेन काय? अंबरनाथच्या देवळात सहल नेली, की मीही पोरांना शिलाहार राजांचीच नावे सांगत आलो. पाथरवटाचे नाव एकाही पोराने विचारले नाही आणि मलाही कधी सुचले नाही. तेव्हा गुन्हेगारांत मीही आहे.

चिक चॉकलेट १९६७ साली गेला. यंदाच्या संमेलनात तोच नाच आहे. निवेदकाच्या हाती मी आधीच चिठ्ठी दिली आहे: 'अंतोनियो झेवियर वाझ, हळदोणे.' उच्चार चुकला तरी चालेल.