विशेष अहवाल कोणासाठीं?

वार्षिक अहवाल आणि विशेष अहवाल यांत महदंतर आहे. पहिला तिथीस अनुसरून येतो. त्यांत जमाखर्च, हजेरी, पर्जन्यमान ओळीनें मांडलेलें असतें, व पुष्कळदां लिहिणारावांचून तो कोणी वाचीत नाहीं. दुसरा कांहीं प्रश्न उभा राहिला म्हणजेच लिहिला जातो. धरणास भेग कां पडली, साथ कोठून आली, एखादा प्रांत मागें कां राहिला, याचें उत्तर त्यानें द्यावयाचें असतें.

विदर्भ मागें पडला ही ओरड जुनी. परंतु १९८४ सालीं प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीनें रस्ते, पाटबंधारे, शिक्षण इत्यादि बाबींत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीहून किती मागें आहे हें मोजलें, आणि साऱ्या राज्याचा अनुशेष सुमारें ३,१८६ कोटि रुपये ठरविला. गाऱ्हाण्यास आंकडा मिळाला.

आंकड्याहून कठीण असतें तें कारण सांगणें. ९ जानेवारी २०२१ च्या उत्तररात्रीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांच्या विशेष कक्षास आग लागली. सतरा बालकांपैकीं सात वांचलीं, दहा दगावलीं. शासनानें चौकशी समिति नेमली. तिचा अहवाल त्याच महिन्यांत आला. बालकांस ऊब देणाऱ्या यंत्रांत ठिणगी पडून आग भडकली, असा त्याचा निष्कर्ष सांगण्यांत आला, व निलंबनाच्या आज्ञाही निघाल्या.

लोकांचें लक्ष बहुधा येथवरच असतें: दोषी कोण? मला हा अहवालाचा गौण उपयोग वाटतो; दोष ठरविण्यास न्यायासन आहे. अहवालाचा खरा वाचक तो, ज्याच्याकडे अद्याप आग लागलेली नाहीं: दुसऱ्या जिल्ह्यांतील वीजतंत्री, रात्रपाळीची परिचारिका, भांडाराचा कारकून. त्यांच्या हातीं तो पडतो काय? त्यांस समजेल अशा मराठींत पडतो काय? त्याच वर्षीं ६ नोव्हेंबर रोजीं अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयांत अतिदक्षता कक्षास आग लागून त्याच दिवशीं अकरा रुग्ण मृत्यु पावले. भंडाऱ्याच्या आगीस तेव्हां दहा महिनेही पुरे झाले नव्हते.

कोणी म्हणेल, अहवाल गुप्त ठेवल्यावांचून साक्षीदार मोकळेपणीं बोलत नाहींत. हें कांहीं अंशीं खरें. मग नांवें झांकावीं. परंतु तार कोठें तापली, दार कोणत्या बाजूस उघडत होतें, पाणी किती दूर होतें, यांत लपविण्याजोगें काय आहे? अशा प्रत्येक अहवालाचा चार पानांचा सोपा सारांश छापून तो सर्व रुग्णालयांतून, आणि मी तर म्हणेन शाळा व छात्रालयें यांतूनही, वाटावा. आपल्याच प्रयोगशाळेंतील विजेच्या तारा शेवटीं कोणीं व केव्हां तपासल्या, हें आपणांपैकीं कितीजणांस ठाऊक आहे?